शेवंतायाडी, कांदा टिकला

याडी, तुला पोचवून माणसं परत आली, अंगणात सतरंजीवर बसली. मला तेव्हा रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की आपलं भिंतीचं भांडण आता कायमचं अर्धवट राहिलं. तू हरली नाहीस, मीही हरले नाही, आणि तू तशीच उठून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

तांड्यातल्या बायका म्हणाल्या, तुला लिहिता येतं, तर आमच्या शेवंताबाईचं काही लिही. त्यांना वाटतं मला सगळंच लिहिता येतं. मला पत्रक लिहिता येतं. माझे बाबा बोरी अरबला शिलाई मशीन टाकून बसायचे आणि मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असायचे. जयंतीची पत्रकं, मोर्चाची, धिक्काराची, सभेची. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. शाळेत बाईंनी कमळ काढायला सांगितलं तेव्हा मी 'निषेध' लिहून दाखवला होता. पत्रकात वाचणाऱ्याला हाक मारायची असते, अन्याय सांगायचा असतो, शेवटी काय करायचं ते सांगायचं असतं. तू वाचत नव्हतीस, हाकेला ओ देत नव्हतीस आणि काय करायचं ते तर तुला कुणीच सांगू शकत नव्हतं. तेव्हा हे पत्रक नाही. हे मी तुझ्याशी बोलते आहे.

आपली गाठ पडली ती दारव्ह्याच्या आठवडी बाजारात. मी कापसाच्या भावाचं पत्रक वाटत होते. ती वर्षंच तशी होती. गावागावांत मोटारी येत, कॅमेरे येत, लोक कापसाविषयी विचारत आणि संध्याकाळच्या आत परत जात. तू रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसली होतीस. पुढ्यात वांगी, भेंडी, हिरव्या मिरच्या आणि कांदा. मी तुझ्या हातात पत्रक दिलं. तू ते उलटंसुलटं करून पाहिलंस.

"याच्यात कांद्याचं काही हाय का?"

नाही, कापसाचं आहे, मी म्हटलं.

"मंग याच्यात मिरच्या बांधते," असं म्हणून तू समोरच्या गिऱ्हाइकाला पावशेर मिरच्या माझ्याच पत्रकात बांधून दिल्यास, आणि वर मला विचारलंस, आणखी आहेत का.

माझं डोकं फिरलं होतं. पुढच्या बाजाराला मी मुद्दाम तुझ्यापाशी आले. कापसाचा प्रश्न हा सगळ्यांचा प्रश्न कसा आहे, ते तुला ऐकवायला. तू भेंड्या निवडत सगळं ऐकून घेतलंस आणि मग म्हणालीस, की लोकांच्या कापसावरची पांढरी माशी तुझ्या भेंडीवर येऊन बसते, आणि हे कुणी लिहिलं आहे का? कुणी लिहिलं नव्हतं. पण मी एवढ्यावर ऐकणारी नव्हते. म्हटलं, दाखव.

तुझं वावर तांड्याच्या खालच्या अंगाला, विहिरीला लागून. चारही बाजूंनी लोकांचा कापूस आणि मधे तुझा भाजीचा तुकडा. भेंडीची पानं हळदीत बुडवून काढल्यासारखी पिवळी पडली होती, शिरांपासून कडेपर्यंत. तिथपर्यंत तुझं खरं होतं. पण पलीकडच्या वांग्यांत बोकड्या आला होता. काही झाडांची पानं बोटाच्या नखाएवढी झालेली, सगळं झाड झाडूसारखं गच्च, त्यावर ना फूल ना फळ, आणि तू त्या झाडांना बाकीच्यांपेक्षा जास्त पाणी देत होतीस. मी म्हटलं, हे रोगट झाड उपटून टाक, याच्यावरचे तुडतुडे सगळ्या वावराला रोग लावतील. तू पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिलीस.

"तुह्या बाबाले खोकला हाय ना? मंग काढलं का त्याले घराबाहेर?"

मी वाकून एक झाड उपटलंच. तू ते माझ्या हातातून घेतलंस आणि बांधावर पळसाच्या सावलीत नेऊन ठेवलंस, जसं काही त्याला तिथे बरं वाटणार होतं. त्या वर्षी निम्मं वांगं गेलं. पुढच्या वर्षी पहिलं बोकड्याचं झाड दिसलं तेव्हा तू ते स्वतः उपटलंस, जाळलंस आणि मला सांगितलंस, की हे तुझ्या मामेबहिणीनं सुचवलं. ती मामेबहीण मी कधी पाहिली नाही, याडी. मला अजून संशय आहे.

भाजी बाजाराला नेण्याचीही तुझी एक रीत होती. पहाटे तोडायची, हौदात बुडवायची, वर ओलं पोतं घट्ट गुंडाळायचं आणि जीपमध्ये लोकांच्या पायांखाली ढकलायची. दारव्ह्याला पोतं सोडलं की वाफ यायची. वरची वांगी चकचकीत आणि खालची दाबून काळी पडलेली. ओलं राहिलं म्हणजे ताजं राहिलं, असं तू मानायचीस. मी म्हणायचे, कोरडी ने, टोपल्यात ने, मांडीवर ठेव पण पायाखाली टाकू नकोस. यावर तू एकदा जीपवाल्याला सांगितलंस, की या पत्रकवाल्या पोरीले उतरवून दे अन् तिच्या जागेवर माहं टोपलं ठेव. सगळी जीप हसली. मी दारव्ह्यापर्यंत टोपलं मांडीवर घेऊन बसले, आणि तेव्हापासून तू मला नावानं हाक मारायचं सोडलंस. पत्रकवाली, एवढंच. मीही तुला काकू म्हणायचं सोडून तुझ्या घरच्यांसारखी याडी म्हणायला लागले. तांड्यात आईला याडी म्हणतात. माझी आई मी लहान असतानाच गेली. तुला ते ठाऊक होतं आणि त्यावर तू कधी एक शब्दही काढला नाहीस. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले.

पण वांगं, भेंडी, मिरची हे तुझं रोजचं होतं. कांद्याचं तसं नव्हतं. कांद्यावर तुझा मुलगा विलास अवलंबून होता.

दसरा झाला की तांड्याच्या वाटेवर मुकादमाचा ट्रक उभा राहायचा. भांडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या, कडेवरची लेकरं, सगळं त्यात चढायचं आणि ऊसतोडीला जायचं. उन्हाळ्यापर्यंत तांड्यात राहायची ती म्हातारी माणसं आणि कुलपं. तुझा विलास लग्न झाल्यापासून बायकोला घेऊन जात होता. नात चालायला लागली ती उसाच्या फडात, हे तू मला एकदाच सांगितलंस, तेही दुसरीकडे पाहत. विलास काही हौसेनं जात नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. कांदा निघतो उन्हाळ्याच्या तोंडावर, तेव्हा सगळ्यांचाच निघतो आणि कुणी विचारत नाही. तोच कांदा पोळ्यानंतर विकता आला तर हिवाळा घरी काढता येईल. पण तोवर तो टिकतो कुठे? घराच्या कोपऱ्यात ढीग घातला की पावसाळ्यात त्याला मोड येतात, काजळी धरते, तळातून पाणी सुटतं. तो तुझ्यासमोर मला म्हणाला होता, दसऱ्यापर्यंत कांदा टिकला तर मी ट्रकात चढत नाही.

तेव्हा मी माझं पहिलं कांद्याचं पत्रक लिहिलं. कृषी सहायकाच्या मागे लागले, दोन-तीन पुस्तिका वाचल्या आणि बसले. 'मायबहिणींनो, सड ही आपल्या नशिबात लिहिलेली नाही!' अशी सुरुवात होती. बाबा म्हणाले, कांद्याला एवढा आवेश कशाला? मी म्हटलं, माणूस घरी राहण्याचा प्रश्न आहे. विलासनं ते तुला ओट्यावर बसून वाचून दाखवलं. तू प्रत्येक वाक्याला "हाव, पुढं" म्हणत होतीस.

आणि तू सगळं ऐकलंस, हे मला मान्य आहे. काढणीआधी पाणी तोडलंस. कांद्याच्या माना आपोआप पडेपर्यंत हात लावला नाहीस. ज्या वाफ्यात पातीवर जांभळा करपा होता तो कांदा वेगळा काढून लगेच विकून टाकलास. बाकीचा वावरातच ओळीनं पसरलास, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर, ऊन लागू नये म्हणून. पात कापताना बोटभर मान ठेवलीस. जाड मानेचे, खुरप्याचा घाव लागलेले, जोडकांदे, सगळे बाजूला. विलासनं कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणून कांदा साठवायची चाळ उभी केली. खाली दगडांवर बांबूचा माच, चारी बाजूंना पऱ्हाट्यांचा कूड, वर गवताचं छप्पर. ज्या कापसानं त्या वर्षी कुणालाच काही दिलं नव्हतं त्याच्या काड्या निदान कांद्याच्या कामी आल्या, असं मी मोठ्या समाधानानं म्हटलं होतं.

मी मोर्चाच्या तयारीसाठी यवतमाळला गेले, परत आले, आणि पाहते तर चाळ लिंपलेली.

चारही भिंती. आतून बाहेरून. शेणमातीचा गुळगुळीत हात, त्यावर पांढऱ्या मातीची बोटं, दाराच्या दोन्ही बाजूंना गेरूची वेल. तांड्यातल्या बायका बघायला येत होत्या. तू दारात उभी होतीस, हात कोपरापर्यंत मातीचे, आणि चेहरा असा की मी पहिल्यांदा काही बोलूच शकले नाही.

मग बोलले. बरंच बोलले. पत्रकात लिहिलं होतं ना भिंती उघड्या ठेवा म्हणून? कांदा श्वास घेतो, त्याला वारा लागतो, हे तू ऐकलं होतंस ना?

तू म्हणालीस, ऐकलं होतं. पण उघडा कूड असतो तो शेळ्यांच्या गोठ्याला. ज्वारीची कणगी आपण लिंपतो. आतून लिंपतो, बाहेरून लिंपतो, तोंडसुद्धा शेणानं बंद करतो, तेव्हा कुठे वर्षभर ज्वारी किडीवाचून राहते. खायची वस्तू ठेवायची आणि भिंत नागडी ठेवायची, असं तुझ्या घरात कधी झालं नव्हतं. तुझ्या सासूनं असं ठेवलं असतं तर तिच्या सासूनं तिला घराबाहेर काढलं असतं.

मी म्हटलं, ज्वारी वाळलेली असते, कांदा जिवंत असतो. फोड ही भिंत.

"माह्या दारात येऊन माही भिंत फोडाले सांगते तू? जाय, मोर्चात जाय."

मी गेले. सगळा पावसाळा आपण बोललो नाही. बाजारात मी तुझ्या पोत्यासमोरून जायचे आणि तू शेजारणीला मोठ्यानं विचारायचीस, की आजकाल काही लोकांले दिसत नाही का वं?

श्रावणात वास सुटला. विलासनं दार काढलं तेव्हा वरचे कांदे सालीखाली काळे झालेले होते, हाताला काजळीसारखी पूड लागत होती. खालचे तर हातात धरताच येत नव्हते. तू, विलास आणि सूनबाई दिवसभर टोपल्या भरभरून खड्ड्यात टाकत होतात. हे मला विलासनं नंतर सांगितलं. माझ्यासमोर तू त्या दिवसाचं नाव काढलं नाहीस. दसऱ्यानंतर ट्रक आला आणि विलास, सूनबाई आणि नात त्यात चढले. नात तुझा पदर सोडत नव्हती म्हणतात.

त्यानंतर मी तुझ्याकडे आले. येताना भीती वाटत होती. तू ओट्यावर मिरच्या निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "ये. भिंत पाहाले आली का?" मी म्हटलं, नाही, चहा प्यायला आले. तू उठून चूल पेटवलीस. आपण दोघी चहा प्यायलो आणि समोर ती भिंत होती, पावसानं वेल थोडी पुसलेली. तेव्हा एक गोष्ट माझ्या तोंडापर्यंत येऊन राहिली. ती भिंत फार सुंदर होती, याडी. इतकी चुकीची आणि इतकी सुंदर भिंत मी दुसरी पाहिली नाही. मी बोलले असते तर तू पुढच्या वर्षी पुन्हा चारही लिंपल्या असत्यास, म्हणून गप्प बसले. आता सांगायला हरकत नाही.

उन्हाळ्यात विलास परत आला तो खांद्याची सालं निघालेला आणि निश्चय करून. म्हणाला, यंदा शेवटचं. यंदाही सडला तर विहिरीचा तुकडाही कापसाखाली घालतो, आणि याडी, तूही चल आमच्याबरोबर कोपीवर, फडावरच्या झोपडीत, इथे एकटी कुणासाठी राहतेस? तू ऐकून घेतलंस. मग मला निरोप धाडलास, पत्रकवालीले म्हणा ये अन् भांडण कर.

मी आले आणि दिवसभर भांडले. तू जुनी भिंत हातानं पाडलीस, मला हात लावू दिला नाहीस. नवा कूड उभा राहिला. तीन बाजू उघड्या ठेवायला तू कबूल झालीस, पण पश्चिमेची बाजू लिंपणार म्हणून अडून बसलीस. मी म्हटलं, का? तू म्हणालीस, तिकडून रस्ता जातो. तिकडे तांड्याच्या नायकाचं घर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या घरचा उघडा कूड दिसता कामा नये. हेच कारण होतं, याडी. दुसरं काहीही नव्हतं. विलास साक्षीला होता, सूनबाई होती. पावसाचं तू तेव्हा अवाक्षरही काढलं नव्हतंस.

आणि मग आषाढात पश्चिमेकडून असा झोडपून पाऊस आला की लोकांच्या घरात पाणी शिरलं. तुझ्या चाळीत थेंब आला नाही. सगळी झड त्या लिंपलेल्या भिंतीनं अंगावर घेतली आणि उरलेल्या तीन बाजूंनी वारा खेळत राहिला. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू नायकाच्या बायकोला सांगत होतीस, की पाऊस कुठून येते हे मले ठाऊक होतं म्हून मी तिकडून लिंपलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तेव्हापासून हे भांडण चालू आहे. माझं म्हणणं, पश्चिमेला पोत्यांचा पडदा सोडला असता तरी भागलं असतं आणि पाऊस थांबल्यावर तो गुंडाळता आला असता. तुझं म्हणणं, पोत्यांचे पडदे लावून राहायला आम्ही काय कोपीवर आहोत? यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. सुचलं असतं तर बरं झालं असतं, तू असताना.

त्याच पावसाळ्यात कापसाच्या भावासाठी यवतमाळला मोठा मोर्चा निघाला. मी तुला म्हटलं, तांड्यातल्या सगळ्या बायका घेऊन चल. तू म्हणालीस, त्या दिवशी कांदे निवडायचे आहेत. चाळीत एक सडका राहिला की शेजारच्याला लावतो, दर आठवड्याला सगळा माच हातानं फिरवावा लागतो, हे माझ्याच पत्रकात होतं. मी चिडले. म्हटलं, सगळे असेच आपापली चाळ सांभाळत बसले तर कापसाला भाव कोण देणार? एकटी काय बदलणार तू?

"तुहा मोर्चा संध्याकाळी घरी येते. सडका कांदा घरी येत नाही, तो पुढंच जाते."

आली नाहीस. पण सकाळी जीप सुटायच्या आधी सूनबाईच्या हाती एवढं मोठं गाठोडं पाठवलंस. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदे. सोबत निरोप, की हे सडके नाहीत, नुसते मोड आलेत, आजच खाऊन टाका. कचेरीसमोरच्या मैदानात आम्ही ते मूठ मारून फोडले आणि खाल्ले. भाषणं काय झाली ते मला आज नीट सांगता येणार नाही. तो कांदा आठवतो. गोडसर होता, आणि नाकात जायचा.

मोर्चाला जाणं बरोबरच होतं, आणि मी पुन्हा जाईन. तू यायला हवं होतंस असं मी आजही म्हणते. कारण त्या वर्षी दसरा आला, कांदा टिकला होता, तुझ्या माचावर तांबूस साली वाजत होत्या, बाजारात लोक हातात घेऊन विचारत होते की हा कुठला? ट्रक आला आणि विलास चढला नाही. पण तांड्यातली बाकीची घरं चढली. मी तुला ते तोंडावर म्हटलं होतं. तुझा एक थांबला, याडी, बाकीच्यांचं काय? तू तेव्हा नातीच्या केसांना तेल लावत होतीस. तुझा हात थांबला नाही.

"माह्यावाला मी थांबवला. त्याइले तू थांबव."

मला राग आला होता. घरी जाताना वाटेत कुठेतरी तो गेला. इतक्या सभा ऐकल्या, इतकी पत्रकं वाचली, पण कामाची अशी वाटणी मला कुणी करून दिली नव्हती.

यंदा तुझी चाळ पाहून आणखी दोन घरांनी कूड घातले. दोन्ही पश्चिमेकडून लिंपलेले. मी काही बोलले नाही. वेल काढायला त्यांनी तुलाच बोलावलं होतं, आणि तू गेरूची वाटी घेऊन गेलीस, नवरीच्या घरी निघाल्यासारखी.

आणि दसऱ्याच्या तोंडावर तू गेलीस. ताप आला, दवाखान्यात नेलं, परत आणलं. सूनबाई सांगत होती, तापातही तू हात पुढे करून काहीतरी उलटंपालटं करत होतीस, आणि तिला कळलं की तू कांदे फिरवते आहेस. मला निरोप मिळाला तेव्हा उशीर झाला होता. तुझं काहीही ऐकायचं राहिलं नाही, तू सगळं बोलून टाकत होतीस. माझंच राहिलं. तुझ्याशी भांडून मी दर वेळी घरी जायचे तेव्हा पोट भरल्यासारखं वाटायचं. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू हसली असतीस आणि जीपभर लोकांना सांगितलं असतंस.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मुकादम तुझ्या दुखवट्याला आला होता. सतरंजीवर बसला, तुझं चांगलं बोलला, चहा प्यायला. मग विलासजवळ सरकून म्हणाला, म्हातारी होती तोवर ठीक होतं, आता तुला इथे काय धरून ठेवतं? एक जोडी कमी पडते आहे, जागा तुझीच आहे. सूनबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मी बोलणार होते, याडी, माझ्या तोंडात सगळं पत्रक तयार होतं. पण हे तू मला वाटून दिलेलं काम नव्हतं.

विलासनं कप खाली ठेवला. म्हणाला, "माह्यावाले कांदे फिरवाचे राह्यले, मुकादम. आठवडा होऊन गेला." आणि उठून चाळीत गेला. थोड्या वेळानं सूनबाईही गेली, टोपलं घेऊन. आतून कांदे टाकल्याचा आवाज येत राहिला, मुकादम उठून जाईपर्यंत आणि त्यानंतरही.

काल ट्रक गेला. मी वाटेवर उभी होते. कोण कोण गेलं ते सगळं मी पाहिलं आहे, प्रत्येकाचं नाव मला माहीत आहे, आणि त्यांच्यासाठी जे लिहायचं ते मी लिहिणारच आहे. त्यात आवेश असेल. तू नाक मुरडलं असतंस. मुरड.

तिथून मी तुझ्या घरावरून आले. नात अंगणात खेळत होती. सूनबाईनं चहा टाकला. आणि विलास, याडी, विलास घरी आहे.